त्वचा आणि केसांसाठी स्वस्त घरगुती उपाय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरगुती उपायांवर कितपत विसंबावे?

स्वयंपाकघरातील आणि काष्ठौषधींच्या दुकानातील वस्तूंना दोन कामे उत्तम जमतात: मळ काढणे आणि ओलावा धरून ठेवणे. डाळीचे पीठ, शिकेकाई, रिठा, मुलतानी माती ही पहिल्या कामाची मंडळी, तर खोबरेल, तिळाचे तेल, साय, ग्लिसरीन ही दुसऱ्या कामाची. या दोन कामांपुरते हे उपाय महागड्या बाटल्यांच्या तोडीस तोड आहेत, किंबहुना काही बाबतींत सरसही आहेत. मात्र त्याच वस्तूंकडून रंग उजळणे, टकलावर केस उगवणे, डाग पुसणे किंवा संसर्ग बरा करणे अशी अपेक्षा ठेवली की निराशा होते आणि क्वचित इजाही होते. पुढील सर्व उत्तरे याच हिशेबाने दिली आहेत.

घरात कायम कोणत्या वस्तू असाव्यात?

खोबरेल, डाळीचे किंवा मसुरीचे पीठ, शिकेकाई, ग्लिसरीनची लहान बाटली, पेट्रोलियम जेलीची डबी, पायांसाठी वजरी आणि बारीक दातांची फणी एवढ्यावर एका कुटुंबाचे वर्ष सहज निघते. शिकेकाई, रिठा, नागरमोथा, वाळा, आंबेहळद हा माल सुट्टा आणि अख्खा घ्यावा. पुण्याच्या बोहरी आळीसारख्या ठिकाणी तो वजनावर मिळतो आणि लहान गावांतही एखादे दुकान असतेच. तयार भुकटीत काय मिसळले आहे हे डोळ्यांना दिसत नाही. अख्ख्या शेंगेत भेसळ करणे अवघड असते, शिवाय कीड लागलेली शेंग लगेच ओळखू येते.

शिकेकाई घरी कशी करावी? ती वापरली तर शाम्पू सोडून देता येईल का?

खांद्यापर्यंतच्या केसांसाठी शिकेकाईच्या पाच-सहा शेंगा, बिया काढलेले चार रिठे आणि मूठभर वाळलेला आवळा रात्री एक लिटर पाण्यात भिजत घालावा. सकाळी हे मिश्रण मंद आचेवर दहा मिनिटे उकळावे, कोमट झाले की हाताने चांगले कुस्करावे आणि जुन्या धोतराच्या किंवा मलमलच्या कापडातून दोनदा गाळावे. दुसऱ्यांदा गाळणे हा या कृतीतला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, कारण एकदाच गाळलेल्या पाण्यात सालीचे बारीक कण राहतात आणि केस वाळल्यावर तेच कोंड्यासारखे दिसतात. गाळून उरलेला चोथा टाकून न देता त्याने न्हाणीघरातील तांब्याची भांडी घासावीत, ती लख्ख निघतात.

शिकेकाई आणि रिठा या दोहोंत सॅपोनिन नावाची नैसर्गिक फेस आणणारी द्रव्ये असतात. फेस शाम्पूइतका होत नाही, म्हणून अनेकांना केस स्वच्छ झाले नाहीत असे वाटते आणि ते दुप्पट काढा ओततात. स्वच्छतेचा फेसाशी फारसा संबंध नसतो. शिकेकाईचा काढा किंचित आम्ल असल्यामुळे केसांवरील खवले मिटून बसतात आणि विंचरताना गुंता कमी होतो. रिठ्याचा फेस अधिक आणि मळ काढण्याची ताकदही अधिक असते, पण तो केस कोरडे करतो. म्हणून तेलकट डोक्याला रिठा वाढवावा आणि राठ केसांना तो वगळून मेथ्या घालाव्यात.

शाम्पू पूर्ण सोडता येईल का, याचे उत्तर आठवड्यातील वेळेवर अवलंबून आहे. मोकळी सकाळ असेल तर शिकेकाईने न्हावे. कामावर जाण्याच्या घाईत साध्या, स्वस्त शाम्पूचा लहानसा थेंब पाण्यात मिसळून वापरला तर काही बिघडत नाही. काढा डोळ्यांत जाऊ देऊ नये. रिठ्याचे पाणी डोळ्यांत गेले तर डोळे तासभर लाल राहतात, हे लहानपणी आईच्या हातून न्हाऊ घातलेल्या कोणालाही वेगळे सांगावे लागणार नाही.

आमच्याकडे बोअरचे पाणी आहे. केस कितीही धुतले तरी चिकट आणि राठ राहतात. काय करावे?

बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. साबणाशी त्यांचा संयोग होऊन न विरघळणारा पांढरट साका तयार होतो आणि तोच केसांवर बसतो. बादलीच्या कडेला जो थर दिसतो तोच डोक्यावरही असतो. त्यामुळे अशा पाण्यात अंगाचा साबण डोक्याला कधीही लावू नये. शाम्पू किंवा शिकेकाईने हा साका होत नाही. न्हाऊन झाल्यावर एक लिटर पाण्यात चमचाभर व्हिनेगर किंवा अर्ध्या लिंबाचा गाळलेला रस घालून ते शेवटचे पाणी केसांवरून सोडावे आणि लगेच साध्या पाण्याचा एक तांब्या ओतावा. पावसाळ्यात पागोळ्यांचे पाणी धरून त्याने न्हाण्याची जुनी रीत याच कारणासाठी होती, कारण पावसाचे पाणी मऊ असते. आजही छप्पर स्वच्छ असेल आणि पहिल्या दोन-चार सरींचे पाणी सोडून दिले असेल तर ही रीत चांगलीच आहे.

डोक्याला कोणते तेल लावावे, किती वेळ ठेवावे आणि त्याने केस वाढतात का?

तेलाने केस वाढत नाहीत. केस वाढतो तो त्वचेखालील मुळातून, महिन्याला साधारण एक सेंटिमीटर या वेगाने. त्वचेच्या वर आलेला केस हा निर्जीव धागा असतो आणि निर्जीव धाग्याला खाऊ घालता येत नाही. मात्र तो तुटण्यापासून वाचवता येतो. तुटणे कमी झाले की केस लांब झालेले दिसतात, म्हणून तेलाने केस वाढतात ही समजूत अगदीच निराधार म्हणता येत नाही.

या कामात खोबरेल बाकीच्या तेलांपेक्षा वेगळे ठरते. त्यातील लॉरिक आम्लाचे रेणू लहान आणि सरळ असल्यामुळे ते केसाच्या आत शिरतात. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय संशोधकांच्या अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल तेल आणि खनिज तेल यांची तुलना केली होती, आणि धुताना केसांतून निघून जाणारी प्रथिने फक्त खोबरेलाने कमी झाल्याचे आढळले. केस भिजल्यावर फुगतो आणि वाळल्यावर आकसतो. या रोजच्या फुगण्या-आकसण्याने तो झिजतो आणि आत शिरलेले तेल ही झीज रोखते. त्यामुळे तेल न्हाण्याआधी लावणे महत्त्वाचे आहे. रात्रभर ठेवले तर उत्तम, पण अर्धा-पाऊण तासही पुरतो. न्हाऊन आल्यावर तेलाने केस चोपडण्याची सवय असेल तर त्यावर रस्त्याची धूळ बसते, एवढाच काय तो फरक पडतो.

खोबरेल 24 अंशांच्या खाली थिजते, म्हणून हिवाळ्यात बाटली कोमट पाण्यात उभी करावी. गॅसवर तापवलेले तेल डोक्याला लावू नये. जास्वंद, माका, ब्राह्मी, कढीपत्ता घालून उकळलेले तेल सुगंधासाठी आणि हौसेसाठी जरूर करावे, पण पानांतील पाणी पूर्ण आटल्याशिवाय ते उतरवू नये, नाहीतर महिन्याभरात तेलाला खवट वास येतो. कढीपत्त्याने पांढरे केस काळे होतात यावर मात्र विश्वास ठेवू नये. विशीत केस पांढरे होऊ लागले असतील तर कढईपेक्षा रक्ततपासणीकडे वळावे, कारण बी-12 जीवनसत्त्वाची कमतरता किंवा थायरॉइडचा विकार हे कारण असू शकते.

केस फार गळत आहेत. कांद्याचा रस, मेथ्या, तांदळाचे धुवण यांचा उपयोग होतो का?

आधी दिवसाला 50 ते 100 केस गळणे स्वाभाविक आहे हे लक्षात घ्यावे. दोन दिवसांनी एकदा न्हाणाऱ्या व्यक्तीला ते सगळे एकदम मोरीच्या जाळीवर दिसतात आणि धडकी भरते.

त्याहून जास्त गळती असेल तर दोन-तीन महिने मागे जाऊन आठवावे. डेंग्यू, टायफॉइड, बाळंतपण, मोठी शस्त्रक्रिया, उपासमारीचे डाएट यांपैकी काही घडले असेल तर शरीराने तेव्हाच अनेक केसांची वाढ थांबवलेली असते आणि ते केस आता एकत्र गळत असतात. ही गळती बहुधा सहा महिन्यांच्या आत आपोआप थांबते. गंमत अशी की गळती सर्वांत जास्त असते तेव्हाच माणूस कांद्याचा रस लावायला सुरुवात करतो आणि तीन महिन्यांनी केस परत येतात तेव्हा श्रेय कांद्याला मिळते. मेथ्यांची कीर्तीही मोठ्या प्रमाणात अशीच जमलेली आहे. भिजवून वाटलेल्या मेथ्यांचा बुळबुळीत लगदा केसांना मऊपणा नक्की देतो, त्यासाठी तो जरूर लावावा. तांदळाच्या धुवणानेही केसांवर पातळ थर बसून ते थोडे भरीव भासतात. कांद्याच्या रसाने मात्र डोक्याची आग होते आणि वास दोन न्हाणी टिकतो.

पाळीत जास्त रक्तस्राव होणाऱ्या स्त्रियांनी हिमोग्लोबिन आणि लोहाचा साठा तपासून घ्यावा. ज्या घरात तीन पिढ्या मुलींच्या भांगाची रेघ रुंदावत आली आहे, तिथे स्वयंपाकघरातील कोणताही उपाय चालणार नाही, तिथे त्वचारोगतज्ज्ञच लागतो.

डोक्यावर एका जागी चाई पडली आहे. लसूण चोळावा का?

नाही. चाई म्हणजे शरीराच्याच प्रतिकारशक्तीने केसांच्या मुळांवर केलेला हल्ला. एक-दोन लहान चकत्या असतील तर बहुतेक वेळा केस वर्षभरात आपोआप परत येतात. लसूण चोळून ठेवल्यास त्वचा भाजते, फोड येतात आणि जखम खोल गेली तर त्या जागी केस येण्याची वाटच बंद होते. चकत्या वाढत असतील, भुवया किंवा दाढीतही दिसत असतील, तर डॉक्टरांकडे जावे. लहान मुलाच्या डोक्यावर खपल्या आणि तुटलेल्या केसांचे खुंट असलेला चट्टा असेल तर ती बहुधा चाई नसून बुरशी असते आणि तिला पोटातून औषध घ्यावे लागते.

कोंड्यासाठी तेल चांगले की वाईट?

बहुतेकांना धक्का बसतो, पण वाईट. कोंड्यामागे मॅलॅसेझिया नावाची बुरशी असते. ती प्रत्येकाच्या डोक्यावर असते आणि त्वचेवरच्या स्निग्ध पदार्थांवर जगते. कोंडा म्हणजे कोरडेपणा असे समजून रात्रभर तेल मुरवत ठेवणे म्हणजे तिला पंगत वाढणे होय. तेल लावायचेच असेल तर न्हाण्याआधी अर्धा तास लावून नीट धुऊन टाकावे. दह्याने किंवा लिंबाने खपल्या तात्पुरत्या सुटतात, पण खाजवून ओरखडे पडलेल्या डोक्यावर लिंबू फार झोंबते. येथे औषधाच्या दुकानातील केटोकोनाझोलचा शाम्पू आठवड्यातून दोनदा, पाच मिनिटे ठेवून, महिनाभर वापरणे हाच शेवटी स्वस्त उपाय ठरतो.

मुलीच्या डोक्यात शाळेतून उवा येतात. सीताफळाच्या बियांची पूड लावतात असे ऐकले आहे.

ऐकले ते खरे आहे आणि त्या पुडीने उवा मरतात हेही खरे आहे. परंतु ती पूड डोळ्यांत गेली तर बुबुळावरचा पापुद्रा सोलवटतो, असह्य वेदना होतात आणि डोळा उघडता येत नाही. नेत्ररोगतज्ज्ञांकडे असे रुग्ण सीताफळाच्या हंगामात येतात. भुकटी उडते, ओली केली तरी घामाबरोबर कपाळावरून ओघळते आणि झोपेत मूल डोळे चोळते, त्यामुळे काळजीपूर्वक लावू असे म्हणण्यात अर्थ नाही. सीताफळ खावे आणि बिया फेकून द्याव्यात. रॉकेल तर आगीचे आणि विषबाधेचेही निमित्त आहे.

सर्वांत निर्धोक उपाय फणीचा आहे. केस ओले करून त्यांना भरपूर खोबरेल किंवा कंडिशनर लावावा, म्हणजे उवांची हालचाल मंदावते आणि फणी सरसर फिरते. केसांचे लहान लहान भाग करून प्रत्येक भाग मुळापासून टोकापर्यंत विंचरावा आणि दर वेळी फणी पांढऱ्या कापडावर पुसावी. कापडावर काय पडले ते दिसते आणि मुलीलाही त्यात रस वाटू लागतो. लिखांतून उवा बाहेर पडायला सात ते दहा दिवस लागतात, म्हणून दर तीन दिवसांनी एकदा असे किमान दोन आठवडे करावे. बहुतेक घरांत पहिल्या रविवारी उत्साहाने विंचरले जाते आणि दुसऱ्या रविवारी विसरले जाते, उवा परत येतात त्या याच फटीतून. घरातील सर्वांची डोकी त्याच दिवशी पाहावीत. हे जमत नसेल तर एक टक्का परमेथ्रिनचे औषध दहा मिनिटे लावून धुवावे आणि आठ-दहा दिवसांनी पुन्हा एकदा लावावे.

मेंदी निर्धोक आहे ना?

पानांची खरी मेंदी बहुतेकांना चालते. तिचा रंग नारिंगी ते तांबूस तपकिरी एवढाच असतो. काळी मेंदी नावाचे झाड नसते. जी तासाभरात काळाभोर रंग देते तिच्यात केसांच्या रंगातले पीपीडी हे रसायन मिसळलेले असते आणि त्याने हातावर फोड येऊन नक्षीच्या आकाराचा व्रण राहू शकतो. एकदा अशी प्रतिक्रिया आली की पुढे आयुष्यभर केसांचा कोणताही काळा रंग त्रास देण्याची शक्यता असते. लोखंडी कढईत आवळ्याबरोबर भिजवलेली मेंदी गडद होते, तो प्रकार वेगळा आणि चालण्याजोगा आहे. तान्ह्या बाळाला मेंदी लावू नये.

उटणे केवळ दिवाळीत लावावे की रोज? घरी कसे करावे?

नरक चतुर्दशीच्या पहाटे आधी तिळाचे तेल अंगात जिरवायचे आणि मग उटणे चोळायचे, हा क्रम नीट पाहिला तर थंडीच्या तोंडावर त्वचेची घेतलेली काळजीच त्यात दिसते. तेल आधी, पीठ नंतर. पीठ जास्तीचे तेल आणि मळ ओढून घेते आणि त्वचेवर पातळ स्निग्ध थर राहतो. साबणाने हे साधत नाही, कारण साबण अल्कधर्मी असतो आणि त्वचेचा स्वभाव किंचित आम्ल आहे.

घरच्या उटण्यासाठी दोन वाट्या मसुरीचे पीठ, अर्धी वाटी मुलतानी माती, प्रत्येकी दोन चमचे आंबेहळद, नागरमोथा, गवला कचोरा आणि वाळा, तसेच सावलीत वाळवलेली गुलाबाची पाने आणि संत्र्याची साल एवढे पुरते. सगळे कुटून वस्त्रगाळ करावे. जाडसर राहिले तर चेहऱ्यावर ओरखडे उठतात. जुन्या याद्यांत बावची असते, ती वगळावी. बावचीत सोरालेन हे द्रव्य असते आणि ते लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजून काळे डाग पडतात. कोडावरच्या उपचारात डॉक्टर सोरालेनचाच उपयोग मोजून-मापून करतात, यावरून ते किती जोरकस आहे याची कल्पना यावी.

आठवड्यातून एकदा-दोनदा उटणे लावणे पुष्कळ झाले. रोज लावल्यास तेलकट त्वचाही कोरडी पडते. इसब असणाऱ्यांनी लावूच नये.

चेहऱ्यावरील वांग आणि काळेपणासाठी लिंबू, बटाटा, दही यांपैकी काय चांगले?

वांगासाठी यांपैकी काहीही नको. लिंबाचा रस त्वचेच्या मानाने अतिशय आम्ल आहे आणि त्याच्या सालीतील द्रव्ये उन्हाशी मिळून नवे डाग पाडतात. म्हणजे ज्या डागासाठी लिंबू लावावे, तोच वाढतो. खाण्याच्या सोड्यानेही त्वचेची तितकीच हानी होते. बटाट्याने गारवा वाटतो, दह्याने त्वचा मऊ होते, पण डाग जागच्या जागी राहतो.

वांग बहुधा गरोदरपणातील संप्रेरके, गर्भनिरोधक गोळ्या आणि ऊन यांमुळे येतो. यांपैकी ऊन आपल्या हातात असते. सकाळी दहा ते दुपारी चारपर्यंत बाहेर पडताना छत्री, रुंद काठाची टोपी किंवा जाड सुती ओढणी वापरावी. घरी बनवलेले सनस्क्रीन असे काही नसते, खोबरेलाने ऊन अडत नाही. चेहऱ्यासाठी तेवढी एक नळी विकतच घ्यावी लागते.

गोरे होण्याचा उपाय मात्र येथे दिलेला नाही. जन्मजात वर्ण हा दोष नाही आणि त्यावर उपाय शोधायचे कारणही नाही. ओळखीच्यांनी सुचवलेले ‘चेहरा उजळवणारे’ मलम अनेकदा स्टेरॉइडचे असते. पहिला महिना चेहरा तुकतुकीत दिसतो, नंतर त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, केस येतात आणि मलम सोडले की आग होते. 2018 मध्ये केंद्र सरकारने अशा अनेक मलमांच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीविना होणाऱ्या विक्रीला मनाई केली, तरीही ती काउंटरवर सहज मिळतात.

मुरुमांवर टूथपेस्ट किंवा हळद लावावी का?

टूथपेस्टने मुरूम सुकतो तो भाजल्यामुळे, आणि मागे डाग राहतो. हळदीचा पातळ लेप दहा मिनिटे चालतो, पण पिवळेपणा दोन दिवस जात नाही आणि काहींना तिचीच खाज सुटते. दिवसातून दोनदा सौम्य साबणाने तोंड धुणे, मुरूम न फोडणे आणि चेहऱ्याला खोबरेल न लावणे एवढे पाळावे. केसांना अमृतासारखे असलेले खोबरेल चेहऱ्याची छिद्रे बुजवते. केसांचे तेल कपाळावर उतरून तिथेच मुरुमे येणाऱ्या मुली पुष्कळ असतात. दोन महिन्यांत उतार पडला नाही, किंवा गाठीसारखी दुखरी मुरुमे असतील, तर खड्डे पडण्याआधी डॉक्टरांना दाखवावे.

टाचांच्या भेगा भरून येण्यासाठी काय करावे? बिब्ब्याचे तेल लावावे का?

आधी बिब्ब्याविषयी. बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरायचा आणि गळणारे काळे तेल भेगेत सोडायचे, हा प्रकार अजूनही अनेक घरांत चालतो. माझ्या मावशीने हा प्रयोग स्वतःवर केला होता. भेग राहिली बाजूला, दुसऱ्या दिवशी घोट्यापर्यंत पाय सुजला, पाणी भरलेले फोड आले आणि तिसऱ्या दिवशी चेहऱ्यावरही पुरळ उठले, कारण तेलाचा हात चेहऱ्याला लागला होता. यालाच ‘बिब्बा उतणे’ म्हणतात. भाषेत त्यासाठी वेगळा शब्द तयार झाला आहे, यावरून हे किती वेळा घडत असावे ते समजते. आंब्याचा चीक आणि काजूच्या टरफलाचे तेल याच कुळातील आहेत. बिब्ब्याच्या आतली गोडंबी डिंकाच्या लाडवात घालावी, तिची खरी जागा तिथे आहे.

भेगा पडतात त्या टाचेची जाड झालेली कातडी कोरडी होऊन वजनाखाली फाटल्यामुळे. म्हणून जाडी कमी करणे आणि ओलावा कोंडणे ही दोन्ही कामे लागोपाठ केली पाहिजेत. रात्री पंधरा मिनिटे पाय कोमट पाण्यात ठेवावेत. त्यात मीठ-सोडा काही नसले तरी चालते. मग वजरीने हलक्या हाताने घासावे, पाय अर्धवट टिपावेत आणि ओलसर असतानाच तेलकट थर द्यावा. वर सुती मोजे घालून झोपावे.

थर कशाचा असावा, तर कोकणात याचे उत्तर तयार आहे: कोकमाच्या बियांचे मुठेल. गोव्यात त्यालाच भिरंडेल म्हणतात. बिया कुटून, उकळून वर येणारे तेल काढतात, ते थंड झाले की मुठीत दाबून अंड्याएवढे गोळे वळतात आणि बाजारात तसेच मांडतात. हा गोळा रंगाने फिकट पिवळसर आणि स्पर्शाला मेणासारखा असतो, त्याला वास जवळजवळ नसतो. वितळण्यासाठी त्याला साधारण 40 अंश लागतात, त्यामुळे नुसता टाचेवर घासला तर तुकडे पडतात. पळीत चिमूटभर घेऊन निरांजनावर धरावे, वितळले की किंचित निवू द्यावे आणि मग बोटाने भेगेत भरावे. ते भेगेतच पुन्हा थिजते, म्हणून पातळ तेलासारखे चादरीला पुसले जात नाही. देशावर मुठेल मिळत नसेल तर पेट्रोलियम जेली हेच काम करते. आठ-दहा रात्रींत फरक दिसतो. मधुमेह असणाऱ्यांनी वजरी वापरू नये आणि पाणी किती गरम आहे हे पायाऐवजी हाताच्या कोपराने तपासावे. भेगेतून रक्त किंवा पू येत असेल तर घरी काहीही करत बसू नये.

कुंडीतील कोरफड थेट लावता येते का?

पान कापल्यावर निघणारा पिवळा चीक आधी जाऊ द्यावा. कापलेले टोक खाली करून पान पंधरा मिनिटे उभे ठेवावे, मग साल काढून गर पाण्याने धुवावा. चीक राहिला तर खाज सुटते. उन्हाने रापलेल्या त्वचेला गर थंडावा देतो. भाजल्यावर मात्र कोरफड, हळद, टूथपेस्ट यांपैकी काहीही आधी लावू नये. आधी वीस मिनिटे नळाचे वाहते पाणी सोडावे.

घामोळ्यांवर काय करावे?

गार पाण्याने अंघोळ, सैल सुती कपडे आणि वारा. मुलतानी मातीचा पातळ लेप पाच मिनिटे चालतो. घामोळ्यांवर तेल किंवा जाड क्रीम लावल्यास घामाची तोंडे अधिकच बुजतात.

तान्ह्या बाळाला डाळीच्या पिठाने चोळले तर अंगावरची लव जाते का?

जन्मतः असलेली लव काही आठवड्यांत आपोआप झडते. पिठाच्या गोळ्याने चोळून नाजूक त्वचा लाल होते आणि काखेत, मानेच्या वळीत पीठ राहून तिथे चरे पडतात. हलक्या हाताने खोबरेल लावावे आणि कोमट पाण्याने न्हाऊ घालावे. डोळ्यांत काजळ घालू नये, बाजारातील काजळ-सुरम्यात शिसे सापडलेले आहे. तीट लावायची असेल तर ती तळपायाला लावावी, दृष्ट तिथूनही लागत नाही.

घरगुती लेप किती दिवस टिकतो? तो आपल्याला चालेल हे कसे ओळखावे?

कोरडी भुकटी घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत सहा महिने टिकते. पाणी, दूध, दही किंवा गर मिसळला की तो लेप त्याच दिवशी संपवावा. फ्रिजमध्ये ठेवलेला शिकेकाईचा काढा दोन दिवसांपेक्षा जास्त ठेवू नये. बरणीत ओला चमचा घातला की बुरशी धरलीच म्हणून समजावे.

नवी कोणतीही वस्तू आधी कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाच्या नाण्याएवढ्या जागी लावावी, नेहमीच्या वेळेनंतर धुवावी आणि दोन दिवस वाट पाहावी. दोन दिवस यासाठी की काही प्रतिक्रिया लगेच न येता दुसऱ्या दिवशी येतात. लग्नाच्या आदल्या रात्री पहिल्यांदाच कोणताही लेप लावू नये.

गजकर्णावर कडुनिंबाचा पाला वाटून लावत आहे, पण चट्टा पसरतच आहे.

लावणे थांबवावे. गजकर्ण किंवा नायटा बुरशीमुळे होतो आणि घरातील टॉवेल, चादरी, अंतर्वस्त्रे यांतून सगळ्यांना लागतो. पाल्याने खाज थोडी कमी होते, तेवढ्यात चट्टा रुंदावतो. दुकानदाराने दिलेल्या तीन-चार औषधांच्या मिश्र मलमात बहुधा स्टेरॉइड असते. त्याने चट्टा फिकट दिसतो आणि आत बुरशी वाढत राहते, मग खरे औषधही नीट लागू पडत नाही. डॉक्टरांनी दिलेले बुरशीनाशक, चट्टा दिसेनासा झाल्यावरही सांगितलेल्या दिवसांपर्यंत लावावे, प्रत्येकाचा टॉवेल वेगळा ठेवावा आणि कपडे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात उलटे करून वाळत घालावेत.